शेवटचं शून्य

कंपनीत सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे. तोंडावर ताई, पाठ फिरली की मोजपट्टी. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

कंपनी कसली, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वायरमनचं टेबल, त्यावर तारांचे जोड डागण्याची सोल्डरिंगची इस्त्री आणि तारांचा गुंता. आतल्या खोलीत तिचं टेबल, मालकांची खुर्ची, भिंतीवर एक पांढरा फळा. इथे एकच वस्तू बनायची: इस्पितळासाठी बोलकी पेटी. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावरची पेटी बोलायची, खाट अमुक, नाव तमुक. आवाज मालकीणबाईंचा. त्यांनी दुपारभर बसून एकेक अक्षर म्हणून दिलं होतं, आणि पेटी ती अक्षरं जोडून कुणाचंही नाव उच्चारायची. सपाट, सावकाश, कशाचंच सुखदुःख नसलेला आवाज. मालक म्हणायचे, "घरी दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. इथे एक बटण दाबा, बोललीच!"

पेटीच्या पोटातला सगळा मजकूर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, मोजपट्टीने लिहिलेला, सी नावाच्या संगणकाच्या भाषेत. आता सी भाषेत अक्षरांची ओळ एका खणातून दुसऱ्या खणात उतरवायची म्हणजे मोठं जोखमीचं काम. यंत्र विचारत नाही की बाबा, समोरचा खण केवढा. सांगाल तेवढं ओततं, आणि खण लहान पडला तर उरलेलं शेजारच्या खणात सांडतं. शिवाय ओळ कुठे संपली हे त्याला आपणहून कळत नाही. ओळीच्या शेवटी एक शून्य ठेवावं लागतं. शून्य दिसलं की थांबायचं, एवढीच त्याची अक्कल. शून्य नसेल तर ते वाचतच सुटतं. पुढे जे पडलं असेल ते, कुणाचंही असो.

म्हणून तिचा धोशा असायचा, "आधी खण मोजा, मग ओता." खण भरला की आपोआप थांबणारी एक कॉपी असते, तिला कंपनीत 'एन-वाली' म्हणत. लोकांना वाटतं, एन-वाली वापरली की गंगेत घोडं न्हालं. मोजपट्टी मात्र बजावायची, "एन-वालीवर डोळे मिटून विसंबू नका. खण काठोकाठ भरला तर ती शेवटचं शून्य ठेवत नाही. जागाच उरत नाही ना! ते शून्य आपल्या हाताने ठेवायचं." आणि वायरमन बाहेरून सूर लावायचा, "ठेवलं, ताई, ठेवलं!"

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी मालक जिना चढून आले ते बोलकी पेटी बगलेत मारून. चेहरा उतरलेला.

"ताई, हिला जरा बघा. इस्पितळात भानगड झालीय."

भानगड अशी. अकरा नंबरच्या खाटेवर एक वयस्कर गृहस्थ होते. भरदुपारी त्यांनी बटण दाबलं. ड्यूटीवरची सिस्टर धावली, पण चार नंबरच्या खाटेकडे. चारवरचा माणूस म्हणाला, मी आत्ता नाही बोलावलं. ती अकराकडे येईपर्यंत म्हातारबुवा स्वतःच उठायला गेले होते आणि खाली पडले होते. त्यातच ते गेले. आता इस्पितळ म्हणतं, सिस्टरने हलगर्जीपणा केला. सिस्टर म्हणते, पेटी चार म्हणाली. पेटीच्या नोंदीत तर स्वच्छ अकरा आहे. सिस्टरला घरी बसवलंय, चौकशी लागलीय, आणि पेटी तपासून कंपनीने आपलं मत द्यायचंय.

"तीस वर्षांची नोकरी आहे म्हणे तिची," मालक म्हणाले. "पण आपण तरी काय करणार? यंत्र खोटं बोलत नाही."

मालक बाहेर गेल्यावर तिने पेटीतला मजकूर पडद्यावर घेतला, नाव खणात उतरवण्याची जागा काढली. एन-वाली होती. तिच्या खाली शून्य ठेवण्याची ओळ नव्हती.

ती ओळ आपण लिहिली होती, हे तिला लख्ख आठवत होतं. आणि मग तेही आठवलं की कुठे लिहिली. त्या दिवशी नवीन आलेल्या दोघांना ती हेच शिकवत होती. अर्धा मजकूर टाइप करून ती उठली, फळ्यापाशी गेली, खडसावून शिकवलं, आणि शून्य ठेवणारी ती ओळ ठळक अक्षरांत फळ्यावर लिहिली. परत येऊन टेबलाशी बसली तेव्हा ती ओळ तिच्या हिशेबी लिहून झालेली होती. फळ्यावरची ओळ पुसली गेली. पेटीत ती कधी आलीच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

म्हातारबुवांचं नाव लांबलचक होतं. खण काठोकाठ भरला. शून्याला जागा नव्हती, आणि ठेवायला कुणी नव्हतं. एरवी शेजारचा खण रिकामा असायचा, म्हणून निभावलं. त्या दुपारी थोड्याच वेळापूर्वी चार नंबरवाल्याने बटण दाबलं होतं, आणि त्याचा मजकूर तिथेच पडून होता. पेटी अकरा म्हणाली, म्हातारबुवांचं नाव म्हणाली, आणि न थांबता पुढचं वाचत गेली: खाट चार. गडबडीत माणूस शेवटचं ऐकतो तेच लक्षात ठेवतो.

सिस्टर खरं बोलत होती.

तिने ती एक ओळ घातली. पेटी जोडली, तेच नाव दिलं, बटण दाबलं. मालकीणबाईंच्या सपाट आवाजात खाट अकरा आली, नाव आलं, आणि आवाज जिथे थांबायला हवा तिथे थांबला. तिने पुन्हा दाबलं. थांबला.

मालक दारात उभे होते. "काय? दोष आहे का?"

तिला वायरमनची पाठ दिसत होती. त्याच्या घरी बायको, दोन मुलं, आंधळी आई. नवीन आलेले दोघे बाहेर कशावर तरी हसत होते. दुसऱ्या एका इस्पितळाची मोठी ऑर्डर यायची होती. आणि अगदी खरं बोलायचं तर हे सगळं तिला नंतर सुचलं. आधी सुचलं ते एवढंच, की मोजपट्टीनेच मोजलं नाही, हे आता सगळ्यांना कळणार.

"यंत्रात दोष नाही," ती म्हणाली.

मालक लगेच हलले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले, जणू ती अजून बोलतेय आणि मध्येच निघून जाणं बरं दिसणार नाही. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं. पण हे असं चौकशीत बोलू नका."

कसं, ते तिने विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्याच संध्याकाळी तिने वायरमनला सांगितलं, "पंखा बंद कर रे जाताना."

"कुणाला सांगू?" तो म्हणाला.

"कुणाला काय? पंखा बंद कर म्हटलं."

"ते केलं की. पण तुम्ही पुढे म्हणालात ना, तिला सांग म्हणून. कुणाला?"

तिला वाटलं थट्टा करतोय. पण त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. घरी जाताना आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून. ती म्हणाली, "हो, जेवले." पलीकडे आई गप्प. फोन कटला असं वाटून ती ठेवणार, तेवढ्यात आई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अगं, कोण पडलं? कधी?"

तिच्यासारख्या बाईने अशा वेळी देवाचा धावा केला नाही. तिने तपासायचं ठरवलं. आपल्या नकळत आपण पुटपुटतोय, एवढंच असणार. ताण आहे, झोप नाही. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, दुपारी तिथे गिऱ्हाईक नसतं. ती तिथे गेली, त्याच्यासमोर स्टुलावर बसली, आणि फोनवर स्वतःचा आवाज भरला. "आज ऊन फार आहे." ओठ घट्ट मिटले, थोडं थांबली, बंद केलं. स्वतः ऐकलं. आज ऊन फार आहे. पुढे रस्त्यावरचा एक हॉर्न, आणि शांतता.

"हे जरा ऐक," ती म्हणाली आणि फोन त्याच्या कानाला लावला.

तो काच पुसता पुसता ऐकू लागला. "ऊन तर आहेच," तो हसून म्हणाला. "ही काय भानगड, हवामानखात्यात लागलीस की काय?" मग त्याचा हात थांबला. कापड काचेवर तसंच राहिलं.

फोनवरची पट्टी शेवटाला पोचली. पडदा काळा झाला. तो ऐकतच होता.

तिने फोन त्याच्या कानापासून हळूच काढून घेतला. त्याला ते कळलंही नाही. तो थोडा तिच्याकडे कललेला, कान देऊन.

"अहो," ती म्हणाली. ती त्याला कधी अहो म्हणत नसे.

"तू रडलीस केव्हा?" त्याने विचारलं.

"मी कुठे रडले?"

"शेवटी रडतेयस ना यात." मग आवाज उतरवून, "कुणाची नोकरी घालवलीस गं तू?"

तिला तोंड उघडायची भीती वाटली. ती नुसतीच मान हलवत राहिली. तो बिचारा उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जे काय असेल ते सांगून टाक बाई. पोटात ठेवून कुणाचं भलं झालंय?"

त्यानंतर तिने बोलणंच टाकलं. घसा बसलाय असं कागदावर लिहून सगळ्यांना दाखवलं. कंपनीत आनंदीआनंद. वायरमन म्हणाला, "ताई गप्प! आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं." ती हसली. आत मात्र खाई त्याला खवखवे अशी गत. पेटी टेबलावर होती. बटण दाबलं की बोलायची आणि जिथे थांबायचं तिथे थांबायची. मोजपट्टीला तिचा हेवा वाटायचा.

चौकशीच्या आदल्या दिवशी सिस्टर आली. मोजपट्टीने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण जिना चढून धापा टाकत, पर्स पोटाशी धरून उभी राहिलेली ती पन्नाशीची बाई दुसरी कुणी असणंच शक्य नव्हतं. मालक नव्हते. वायरमन खाली चहाला गेला होता.

"तुम्हीच ना त्या?" सिस्टर म्हणाली. "तुम्ही मोजूनमापून बोलता म्हणे. मी भांडायला नाही आले हो. मला आताशा माझाच भरवसा वाटेनासा झालाय. म्हटलं, म्हातारी झालीस, कानांनी दगा दिला, माणूस मेला तुझ्यापायी. रात्रंदिवस तेच. एकदा फक्त सांगा. पेटी चार म्हणाली असेल ना?"

मोजपट्टीने मान हलवून भागवायचं ठरवलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून नुसती मान हलवणं तिला जमेना. आणि खरं बोलण्याचं धाडसही होईना.

"नाही," ती म्हणाली. एवढाच शब्द. आणि ओठ मिटले.

सिस्टर ऐकत राहिली. हळूहळू तिचे खांदे सैल झाले. डोळे भरले. एकदा तिने मान हलवली, एकदा "अगं बाई" म्हणाली, एकदा हात पुढे करून समोरचीला सावरल्यासारखं केलं. मोजपट्टी मूग गिळून उभी होती. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता, दुसरा कुठलाच नाही.

"हे मला सांगून काय उपयोग?" शेवटी सिस्टर पदराने डोळे पुसत म्हणाली. "उद्या तिथे सांगाल?"

आणि ती जिना उतरून गेली.

चौकशी इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, खिडकीला जाड पडदे, फिनेलचा वास. मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई, स्वतः डॉक्टर, चष्मा साखळीला लावलेला. बाजूला टायपिस्ट. भिंतीकडेला सिस्टर, पर्स पोटाशी. आणि दाराजवळच्या खुर्चीवर गेलेल्या गृहस्थांचा मुलगा. चाळिशीचा, जाड अंगाचा, मान खाली घालून बसलेला. तो आल्यापासून कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता.

गाडीत मालकांनी समजावलं होतं, "मी बोलेन. तुम्ही फक्त मान हलवा. घसा बसलाय, सगळ्यांना माहीतच आहे."

ते बोलले, आणि चांगलं बोलले. नोंद दाखवली. पेटी वाजवून दाखवली. खाट अकरा, नाव, शांतता. ते नाव ऐकताना दाराजवळचा मुलगा दचकला आणि पुन्हा मान खाली घालून बसला.

अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. "हे तुम्हीच बनवलंय ना? यांचं म्हणणं बरोबर?"

नुसती मान हलवली असती तरी संपलं असतं. सिस्टर तिच्याकडे बघतही नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

मोजपट्टी उभी राहिली.

"बरोबर नाही," ती म्हणाली. "पेटी चार म्हणाली होती. सिस्टरांनी ऐकलं ते खरं."

मालकांनी डोळे मिटून घेतले.

मग तिने सगळं सांगितलं. खण, एन-वाली, न ठेवलेलं शून्य. फळ्यावर लिहिलेली ओळ. पेटी परत आल्यावर गुपचूप केलेली दुरुस्ती. दोष नाही म्हणून मालकांना मारलेली थाप. नोकऱ्यांची काळजी नंतर सुचली, आधी स्वतःची अब्रू सुचली, हेसुद्धा. आवाज कापत होता पण तिने तो थांबू दिला नाही. पोटात, मनात, कानाकोपऱ्यात जे जे होतं ते तिने उचलून त्या टेबलावर ठेवलं.

"चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही," ती म्हणाली. "एवढंच."

आणि ती बसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिला आत रिकामं वाटलं. स्वच्छ, झाडून काढल्यासारखं. भीतीही नव्हती. तुरुंगात टाका नाहीतर फासावर द्या.

अध्यक्षबाई सिस्टरला म्हणाल्या, "तुमच्यावर ठपका नाही. उद्या कामावर या." सिस्टरने पर्समध्ये तोंड लपवलं आणि हुंदका दिला. मोजपट्टीचा जीव भांड्यात पडला.

मग अध्यक्षबाई पुन्हा तिच्याकडे वळल्या आणि बघत राहिल्या.

टायपिस्टची बोटं चालूच होती.

तिला वाटलं, मागचं राहिलेलं उतरवून घेत असेल. पण टायपिस्ट मध्येच थांबायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि पुन्हा टाइप करायचा.

"माझं झालं," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. मालकांचे डोळे उघडले होते. सिस्टरने पर्समधून तोंड वर काढलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर राहिलं होतं.

मोजपट्टीने हात उचलून ओठांवर ठेवला. ओठ मिटलेले होते. जीभ गप्प होती. तिने आत शोधलं. सांगायचं काही म्हणता काही उरलं नव्हतं.

मग ही माणसं ऐकतायत काय?

दाराजवळची खुर्ची सरकली.

मुलाने मान वर केली होती. तो तिच्याकडेच बघत होता, पण अनोळखी बाईकडे बघावं तसा नाही. जाड अंगाचा तो माणूस हळूच उठून उभा राहिला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"हो बाबा," तो म्हणाला. "लावलंय. गच्चीचं दार मी येतानाच लावलंय."

तो थांबला, ऐकलं, आणि मान हलवली.

"नाही, मांजर आत नाही राहिली," तो म्हणाला. "मी बघितलं."